चोर सोडून संन्याशाला फाशी: नवं ग्राफिक्स कार्ड आणि क्रॅशचा इतिहास

या भागात आकडे आणि मॉडेलची नावं जरा जास्तच आहेत. बसमध्ये, लोकलमध्ये ऐकताना ती कानावरून निसटतात, म्हणून नेहमीप्रमाणे हा लिखित भाग.

आजचा विषय तुमच्यापैकी कित्येकांनी भोगलेला आहे. महिनोन्‌महिने पैसे साठवून नवं ग्राफिक्स कार्ड आणायचं, मोठ्या कौतुकाने बसवायचं, आणि गेम सुरू करून दहा मिनिटं होतात न होतात तोच मशीन धाडकन बंद. कधी स्क्रीन काळी, कधी निळी, कधी गेम नुसताच गायब होऊन डेस्कटॉप समोर. मग डोक्यात पहिला विचार येतो: काल चालत होतं, आज कार्ड बदललं, आज बंद पडलं, म्हणजे कार्डच खराब.

हा तर्क इतका सरळ वाटतो की त्यावर शंकाही येत नाही. पण गेल्या पंचवीसेक वर्षांचा इतिहास काढून बसलो, तर या तर्काने कितीदा चोर सोडून संन्याशाला फाशी दिली आहे ते दिसतं. आणि ही फाशी फुकट नसते. तीस-चाळीस हजारांचं कार्ड परत करायचं की ठेवायचं, सर्व्हिस सेंटरला पाठवून महिनाभर वाट बघायची की नाही, हे सगळं त्यावर ठरतं. म्हणून आज गुन्हेगार शोधण्याआधी या खटल्यांचा इतिहास बघू.

स्लॉटचं रेशन संपलं तेव्हा

सुरुवात नव्वदच्या दशकाच्या शेवटी. इंटेलने १९९६ मध्ये एजीपी नावाचा खास ग्राफिक्स कार्डासाठीचा स्लॉट जाहीर केला. त्याआधी कार्ड पीसीआय स्लॉटमध्ये बसायची, साउंड कार्डाच्या आणि मोडेमच्या शेजारी. एजीपीमुळे ग्राफिक्स कार्डाला स्वतःचा रस्ता मिळाला. आणि वीजही मिळाली, पण मोजून मापून. एजीपी स्लॉटमधून कार्डाला साधारण ४० वॉटच्या आसपास वीज घेता यायची. तेव्हा ती भरपूर वाटत होती.

१९९९ मध्ये एनव्हिडियाने जीफोर्स २५६ आणलं आणि ‘जगातला पहिला जीपीयू’ अशी त्याची जाहिरात केली. पुढच्याच वर्षी थ्रीडीएफएक्स कंपनीचं व्हूडू ५ ५५०० बाजारात आलं. या कार्डावर एक नवीन गोष्ट होती: हार्ड डिस्कला जोडतात ती चार पिनांची मोलेक्स वायर या कार्डालाही जोडावी लागायची. स्लॉटचं रेशन पुरेना, म्हणून कार्डाने थेट एसएमपीएसकडे हात पसरला. त्याच कंपनीच्या व्हूडू ५ ६००० ला तर भिंतीतल्या प्लगमधून वेगळी वीज देणारा स्वतंत्र अडॅप्टर लागणार होता. ते कार्ड कधी विक्रीला आलंच नाही. २००० च्या डिसेंबरमध्ये थ्रीडीएफएक्सने आपली मालमत्ता एनव्हिडियाला विकायचं ठरवलं आणि तो अध्याय संपला.

ही वरवर छोटी वाटणारी गोष्ट आहे, पण आपली सगळी कथा तिथून सुरू होते. ज्या दिवशी कार्डाने एसएमपीएसला वेगळी वायर जोडली, त्या दिवसापासून कार्डाची तब्येत एसएमपीएसच्या तब्येतीवर अवलंबून राहिली. आणि तेव्हा बहुतेकांच्या कॅबिनेटमधला एसएमपीएस ही कोणी लक्ष देऊन विकत घेतलेली वस्तू नव्हती. तो कॅबिनेटबरोबर यायचा.

२००४ मध्ये जीफोर्स ६८०० अल्ट्रा आलं. त्याला दोन मोलेक्स वायरी लागायच्या, आणि एनव्हिडियाने त्यासाठी ४८० वॉटचा एसएमपीएस सुचवला. लोकांनी डोक्याला हात लावला, कारण घरोघरच्या मशीनमध्ये तेव्हा ३०० ते ३५० वॉटचे एसएमपीएस असायचे. शिवाय त्या दोन्ही वायरी वेगवेगळ्या लायनीवरून आणा, एकाच वायरीला फाटा फोडून दोन्ही जागी लावू नका, असाही सल्ला होता. हा सल्ला आजही शब्दशः लागू आहे, फक्त वायरींची नावं बदलली.

त्याच सुमाराला पीसीआय एक्सप्रेस स्लॉट आला, जो आजही आपण वापरतो. यात वाटणी स्पष्ट लिहिली गेली. स्लॉट देणार जास्तीत जास्त ७५ वॉट. सहा पिनांची वायर देणार आणखी ७५. नंतर आलेली आठ पिनांची देणार १५०. हा एक करार आहे. कार्डाने इतकंच मागायचं, मदरबोर्डने आणि एसएमपीएसने इतकं द्यायचं. पुढची सगळी भांडणं हा करार कोणी मोडला यावरूनच झाली.

व्हिस्टा आणि ड्रायव्हरचं वर्ष

पण क्रॅशचं कारण दरवेळी वीजच असतं असं नाही. यासाठी २००७ मध्ये जाऊ.

मायक्रोसॉफ्टने १९९६ मध्ये विंडोज एनटी ४.० आणताना ग्राफिक्सचा मोठा भाग थेट कर्नलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या अगदी गाभ्यात हलवला होता. त्याने वेग वाढला. पण गाभ्यात चालणारा ड्रायव्हर चुकला की सगळी सिस्टिम घेऊन पडतो. विंडोज एक्सपीच्या काळात निळी स्क्रीन इतक्या वेळा दिसायची त्यामागे हे एक मोठं कारण.

जानेवारी २००७ मध्ये विंडोज व्हिस्टा लोकांच्या हातात आलं. त्यात ग्राफिक्स ड्रायव्हरची रचनाच बदलली. बराचसा भाग गाभ्याबाहेर काढला आणि थोडाच आत ठेवला. शिवाय टीडीआर नावाची एक सोय आली. ग्राफिक्स कार्डाने दोन सेकंद उत्तर दिलं नाही, तर विंडोज समजतं की ते अडकलं आहे, आणि मशीन न पाडता फक्त ड्रायव्हर नव्याने सुरू करतं. स्क्रीन क्षणभर काळी होते, परत येते, आणि कोपऱ्यात एक सूचना झळकते की डिस्प्ले ड्रायव्हर थांबला होता, आता सावरला आहे. तुम्ही ही सूचना पाहिली असेल तर समजा की आधीच्या काळात त्याच जागी निळी स्क्रीन आली असती. एका मिनिटात असं फार वेळा झालं तर मात्र विंडोजही हात टेकतं आणि निळी स्क्रीन दाखवतं.

रचना चांगली होती, पण ड्रायव्हर नव्याने लिहावे लागले, आणि ते घाईत लिहिले गेले. व्हिस्टावरून अमेरिकेत झालेल्या एका खटल्यात २००८ मध्ये मायक्रोसॉफ्टचे अंतर्गत ईमेल उघड झाले. त्यात २००७ मधल्या व्हिस्टा क्रॅशच्या नोंदींची वर्गवारी होती. जवळपास २९ टक्के क्रॅश एनव्हिडियाच्या ड्रायव्हरच्या खात्यावर होते. मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या खात्यावर साधारण १८ टक्के, एटीआयच्या ९, इंटेलच्याही ९ च्या आसपास. एनव्हिडियाची कार्डं तेव्हा खूप मशीनमध्ये होती हेही लक्षात घ्यायला हवं. तरीही, त्या वर्षी नवं कार्ड आणि नवं विंडोज एकदम घेतलेल्या माणसाने ‘कार्ड खराब आहे’ म्हणून दुकानात भांडण केलं असेल, तर त्या भांडणातला खरा आरोपी बऱ्याचदा ड्रायव्हर होता. कार्डाचा तुकडा न् तुकडा ठीक होता.

म्हणूनच आज नवं कार्ड बसवताना, खास करून एका कंपनीकडून दुसऱ्या कंपनीकडे जाताना, जुना ड्रायव्हर मुळापासून काढायला सांगतात. डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर नावाचं एक फुकट टूल त्यासाठी आहे. विंडोज सेफ मोडमध्ये उघडायचं, टूल चालवायचं, मग नवा ड्रायव्हर घालायचा. अर्ध्या तासाचं काम.

करार कार्डाने मोडला तेव्हा

आता एक उलट उदाहरण, नाहीतर तुम्ही म्हणाल की मी कार्ड कंपन्यांचं वकीलपत्र घेतलंय.

जून २०१६ च्या शेवटी एएमडीचं आरएक्स ४८० आलं. किंमत कमी, कामगिरी चांगली, मध्यमवर्गीय गेमरचं लाडकं कार्ड. १५० वॉटचं कार्ड, वायर एकच, सहा पिनांची. म्हणजे ७५ स्लॉटमधून, ७५ वायरीतून, हिशोब काठोकाठ. परीक्षण करणाऱ्यांनी वीज मोजली तेव्हा कळलं की जोराचा गेम चालू असताना हे कार्ड स्लॉटमधून ठरलेल्यापेक्षा जास्त ओढत होतं. स्वस्त आणि जुन्या मदरबोर्डना याचा धोका होता.

एएमडीने जुलैच्या पहिल्या आठवड्यात नवा ड्रायव्हर दिला. त्याने काही भार स्लॉटवरून वायरीवर ढकलला, कारण ती वायर कागदावरच्या ७५ वॉटपेक्षा प्रत्यक्षात जास्त सोसू शकते. हवी असेल तर एकूण वीज कमी करायची एक सोयही दिली. म्हणजे दोष विजेचा, आणि औषध सॉफ्टवेअरचं. क्रॅशच्या तपासात हे फार वेळा घडतं, त्यामुळे ‘ड्रायव्हर बदलल्यावर बरं झालं, म्हणजे हार्डवेअरचा काही संबंध नव्हता’ असं छातीठोकपणे सांगता येत नाही.

पंगत आणि वाढपी

सप्टेंबर २०२० मध्ये आरटीएक्स ३०८० आलं. लॉकडाऊनचा काळ, सगळे घरी, कार्डासाठी जगभर झुंबड. ज्यांना मिळालं त्यांच्यातल्या बऱ्याच जणांचे गेम क्रॅश व्हायला लागले. कार्डाचा क्लॉक २ गिगाहर्ट्झच्या आसपास गेला की गेम गायब.

आठवड्याभरात इंटरनेटने आरोपी पकडला: कार्डाच्या मागच्या बाजूला, चिपच्या बरोबर खाली असलेले कपॅसिटर. काही कंपन्यांनी मोठे आणि स्वस्त कपॅसिटर वापरले होते, काहींनी छोट्यांचे पुंजके. ईव्हीजीए कंपनीने तर सांगूनही टाकलं की फक्त मोठे सहा कपॅसिटर असलेली रचना त्यांच्या चाचण्यांत टिकली नाही, आणि त्यांनी ती बदलली. लोक कार्ड उलटं करून मागचे ठोकळे मोजू लागले. आणि महिनाअखेरीस एनव्हिडियाने नवा ड्रायव्हर दिला, त्यानंतर जुन्या रचनेच्या कार्डांवरही बहुतेकांचे क्रॅश थांबले. त्या कपॅसिटरमुळे काठावरची जागा कमी झाली होती हे खरं, पण कार्डाला त्या काठापर्यंत नेत होता ड्रायव्हर.

याच पिढीने आणखी एक भानगड सर्वांसमोर आणली. आरटीएक्स ३०८० कागदावर ३२० वॉटचं कार्ड. पण हा आकडा सरासरीचा. प्रत्यक्षात काही मिलिसेकंदांपुरती मागणी त्याच्या कितीतरी वर उडी मारते. लग्नाच्या पंगतीचं उदाहरण घ्या. दोनशे पानं बसली आहेत, तासाभरात दोन पिंपं मठ्ठा लागणार हा हिशोब बरोबर आहे. पण दोनशे जणांनी एकाच क्षणी वाटी पुढे केली तर? मठ्ठा पुरेसा असूनही वाढप्याची तारांबळ उडते. एसएमपीएसचं तेच होतं. त्यात सुरक्षेसाठी एक यंत्रणा असते, ती एवढी मोठी उडी बघून समजते की कुठे तरी शॉर्ट झालं, आणि सगळंच बंद करते. मशीन धाडकन बंद, ना निळी स्क्रीन, ना सूचना.

नंतर विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये बघितलं तर ‘कर्नल पॉवर ४१’ अशी नोंद सापडते. नाव वाचून वाटतं की बघा, कर्नलमध्येच काही तरी बिघडलं. पण त्या नोंदीचा अर्थ एवढाच की मागच्या वेळी मशीन नीट बंद झालं नव्हतं. मृत्यूचा दाखला आहे तो, कारणाचा रकाना कोरा.

माझ्या मावसभावाचा किस्सा इथे सांगतो, कारण तो अगदी याच जाळ्यात सापडला. पहिल्या नोकरीच्या पगारातून त्याने जुनं जीटीएक्स १०५० टीआय काढून आरटीएक्स ३०६० टीआय घेतलं. मला फोन आला, “दादा, मेनूत काहीच होत नाही. मोठी लढाई सुरू झाली की लाइट गेल्यासारखं सगळं काळं.” मी फोनवर येईपर्यंत त्याने कार्ड सर्व्हिससाठी पाठवूनही दिलं होतं. त्याच्याकडे पुरावा होता: जुनं कार्ड परत लावलं तर सगळं सुरळीत चालतं. तीन आठवड्यांनी कार्ड परत आलं, सोबत शेरा: दोष आढळला नाही.

आता हा पुरावा नीट बघा. जुनं कार्ड होतं ७५ वॉटचं, स्लॉटच्याच विजेवर चालणारं. नवं २०० वॉटचं, ज्याला एनव्हिडिया ६०० वॉटचा एसएमपीएस सुचवते. कॅबिनेटसोबत आलेल्या त्याच्या एसएमपीएसवर लिहिलं होतं ४५०. पण स्टिकरवरचा बारीक तक्ता वाचला तर १२ व्होल्टच्या लायनीवर होते २२ अँपियर. १२ गुणिले २२, झाले २६४ वॉट. कार्ड आणि प्रोसेसर दोघंही जवळजवळ सगळी वीज याच लायनीतून घेतात. २०० कार्डाचे, वर प्रोसेसर, झाली भरती, आणि उड्यांसाठी जागाच नाही. जुनं कार्ड त्याच एसएमपीएसवर सुखाने चालत होतं, कारण त्याने त्याला कधी कामालाच लावलं नव्हतं. जुनं कार्ड परत लावून मशीन चाललं म्हणजे एसएमपीएस निर्दोष ठरत नाही. त्याची परीक्षाच झालेली नसते.

६५० वॉटचा बरा एसएमपीएस आला, आणि तेच ‘खराब’ कार्ड आजही चालू आहे. गेले ते तीन आठवडे, कुरिअरचे पैसे, आणि एका दुकानदाराशी असलेला गोडवा.

हा प्रश्न कंपन्यांनाही पटला. इंटेलने फेब्रुवारी २०२२ मध्ये एटीएक्स ३.० हे नवं मानक आणलं. नव्या ताकदवान कार्डांसाठी बनवलेल्या एसएमपीएसने १०० मायक्रोसेकंदांपुरती आपल्या क्षमतेच्या दुप्पट, म्हणजे २०० टक्के उडी सोसली पाहिजे, असं त्यात लिहिलं आहे. पंगतीतल्या वाढप्यांची संख्या आता नियमात आली.

गेम की कार्ड? वायर की माणूस?

२०२१ च्या जुलैत ॲमेझॉनच्या ‘न्यू वर्ल्ड’ या गेमची चाचणी आवृत्ती आली आणि काहींची आरटीएक्स ३०९० कार्डं गेमच्या मेनूमध्येच कायमची मेली. सगळीकडे एकच ओरड: गेमने कार्ड मारलं. गेमचा मेनू फ्रेमला मर्यादा न घालता चालत होता, त्यामुळे कार्ड पूर्ण जोरात पळायचं, हे खरं होतं. ॲमेझॉनने नंतर मर्यादा घातलीही. पण ईव्हीजीएने मेलेल्या कार्डांचा एक्स-रे काढून तपास केला तेव्हा त्यांच्या काही मोजक्या कार्डांमध्ये सोल्डरिंगच कच्चं निघालं. इथे चोर खरोखर कार्डच होतं, आणि फाशीच्या तख्तावर उभा होता गेम.

२०२२ च्या ऑक्टोबरमध्ये आरटीएक्स ४०९० आलं. ४५० वॉटचं कार्ड, आणि नव्या सोळा पिनांच्या जोडणीतून ६०० वॉटपर्यंत वीज. गणित करून बघा. १२ व्होल्टवर ६०० वॉट म्हणजे ५० अँपियर, आणि ते वाहून नेणाऱ्या पिना सहा. एका पिनेवर ८ अँपियरपेक्षा जास्त. त्याच महिन्यात वितळलेल्या जोडण्यांचे फोटो यायला लागले. नोव्हेंबरमध्ये एनव्हिडियाने सांगितलं की जगभरातून साधारण ५० तक्रारी आहेत आणि सारखं दिसणारं कारण म्हणजे वायर पूर्ण आत न बसणं. गेमर्स नेक्सस या चॅनलच्या तपासातही अर्धवट बसलेली वायर हे मोठं कारण निघालं.

म्हणजे चूक वापरणाऱ्याची? तांत्रिकदृष्ट्या बऱ्याच प्रकरणांत हो. पण २०२३ मध्ये जोडणी सुधारून आली तेव्हा काय बदललं बघा: वीज ओळखणाऱ्या बारीक पिना आखूड केल्या, जेणेकरून वायर पूर्ण आत गेली नाही तर कार्ड वीज घेणारच नाही. चूक करणं इतकं सोपं ठेवणाऱ्या डिझाइनचाही दोषात वाटा होता, हे त्या सुधारणेतच कबूल झालं.

सगळ्यात मोठा संन्यासी

शेवटचा खटला माझ्या मते या सगळ्यांचा बाप आहे.

२०२३ आणि २०२४ मध्ये अनरियल इंजिनवर बनलेल्या गेममध्ये एक एरर वारंवार यायला लागला. त्याचा अर्थ होता: व्हिडिओ मेमरी संपली. व्हिडिओ मेमरी कुठे असते? ग्राफिक्स कार्डावर. लोकांनी नवीकोरी, भरपूर मेमरीची कार्डं घेतली होती, आणि एरर म्हणतोय मेमरी संपली! साहजिकच कार्ड बदलून मागितली गेली, ड्रायव्हर पुन्हा पुन्हा घातले गेले, विंडोज नव्याने टाकलं गेलं. काही फरक नाही.

आरोपी निघाला इंटेलचा तेराव्या आणि चौदाव्या पिढीचा ताकदवान प्रोसेसर. गेम सुरू होताना दाबून ठेवलेला डेटा उलगडायचं काम प्रोसेसर करतो. तो हिशोबात चुकायचा, उलगडलेला डेटा कचरा निघायचा, आणि त्या गोंधळात गेम जो एरर फेकायचा त्यात नाव यायचं व्हिडिओ मेमरीचं. एप्रिल २०२४ मध्ये तर एनव्हिडियानेच आपल्या ड्रायव्हरच्या नोंदीत लिहिलं की हा एरर येत असेल आणि तुमच्याकडे हे प्रोसेसर असतील तर इंटेलकडे जा.

मग बोट वळलं मदरबोर्ड कंपन्यांकडे, कारण त्यांनी बायॉसमध्ये विजेच्या मर्यादा सैल सोडल्या होत्या. तेही अर्धसत्य. जुलै २०२४ मध्ये इंटेलने मान्य केलं की प्रोसेसरच्या आतलाच मायक्रोकोड गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होता. ऑगस्टमध्ये त्याची दुरुस्ती आली, सप्टेंबरमध्ये आणखी एक, आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. पण जो प्रोसेसर आधीच झिजला होता तो या दुरुस्तीने बरा होत नव्हता, बदलूनच घ्यावा लागत होता. ज्यांनी वर्षभर ग्राफिक्स कार्डाला शिव्या घातल्या, त्यांचा प्रोसेसर त्या वर्षभरात आणखी झिजत होता. चुकीच्या आरोपीची खरी किंमत ही.

सॉफ्टवेअरच्या कामात आम्हाला हे रोज दिसतं. लॉगमध्ये जी ओळ लाल होते, ती प्रोग्रॅम जिथे कोसळला ती जागा असते. धक्का कोणी दिला ते कित्येक ओळी आधी, कधी दुसऱ्याच फाइलमध्ये असतं. हार्डवेअरला हा नियम चुकलेला नाही.

तर मग तपास कसा करायचा?

या इतिहासातून मी स्वतःसाठी एक क्रम लावला आहे. स्वस्त गोष्टी आधी, महाग नंतर. आणि एका वेळी एकच बदल, नाहीतर बरं कशाने झालं हे कधीच कळत नाही.

आधी क्रॅशची जात ओळखा. मशीन लाइट गेल्यासारखं बंद होतंय तर संशय विजेवर. स्क्रीन काळी होऊन परत येतेय तर ड्रायव्हर, किंवा कार्ड त्याच्या मर्यादेवर. फक्त गेम गायब होतोय तर प्रोसेसर आणि रॅमही यादीत घ्या. स्क्रीनवर रंगीत ठिपके, चौकोन दिसतायत तर मात्र कार्डाकडे जरा रोखून बघा.

मग मशीनची वीज पूर्ण बंद करून कॅबिनेट उघडा. कार्ड स्लॉटमध्ये पूर्ण बसलंय का? वायर शेवटपर्यंत गेलीय का? दोन वायरी लागत असतील तर एसएमपीएसपासून दोन वेगळ्या आल्यायत की एकीलाच फाटा आहे? त्याच वेळी एसएमपीएसच्या स्टिकरवर १२ व्होल्टसमोरचे अँपियर वाचा आणि १२ ने गुणा. वरचा मोठा आकडा विसरा. आपल्याकडे आणखी एक कडी असते, यूपीएस. ६०० व्हीएचा घरगुती यूपीएस साधारण ३६० वॉटच देतो. नव्या कार्डासकट मशीन त्यावर असेल तर एकदा थेट भिंतीच्या प्लगवर लावून बघा.

मग एक फुकटची चाचणी. एमएसआय आफ्टरबर्नरसारख्या टूलमध्ये कार्डाची पॉवर लिमिट ७० टक्क्यांवर आणा आणि तोच गेम खेळा. क्रॅश थांबले तर वीज किंवा कार्डाचा काठ, इतकं तरी कळलं. नाही थांबले तर ड्रायव्हर मुळापासून काढून नवा घाला. मग बायॉस अपडेट, आणि रॅमचं आणि प्रोसेसरचं ओव्हरक्लॉकिंग बंद.

एवढं करूनही पडतंच असेल, तर नवं कार्ड अशा मित्राच्या मशीनमध्ये लावा ज्याचा एसएमपीएस दणकट आहे. तिथेही पडलं तर खुशाल परत करा, आणि दुकानात हे सगळं सांगा. ‘चालत नाही’ एवढंच सांगणाऱ्या गिऱ्हाइकापेक्षा तुमचं बोलणं नक्कीच जास्त ऐकलं जाईल. आणि परतीची मुदत सात दिवसांची असेल तर हा सगळा तपास पहिल्या दोन दिवसांत उरका.

लॅमिंग्टन रोडवर नाहीतर तपकीर गल्लीत कार्डाची घासाघीस करायला आपण दोन तास घालवतो, एसएमपीएसला दोन मिनिटंही देत नाही. पुढच्या वेळी यादी करताना ती ओळ सगळ्यात वर लिहा.

तुमच्या मशीनमध्ये शेवटी चोर कोण निघाला, ते व्हॉइस नोट करून नक्की पाठवा. पुढच्या भागात भेटू. तोवर काळजी घ्या, आणि वायर नीट आत ढकला!